केस न गळणारा कुत्रा

आयझेलेंच्या घरात भांडण शनिवारी सुरू व्हायचं आणि रविवारी केकबरोबर वाढलं जायचं. मधल्या रात्री सगळे गाढ झोपायचे, कारण भांडणापायी झोप मोडणं ही जर्मनीतल्या आमच्या या रेम्स खोऱ्यात उधळपट्टी समजली जाते.

त्या शनिवारी उल्रिकेला केस सापडले ते तळमजला आणि पहिला मजला यांच्या मधल्या वळणावर, भिंतीच्या कडेला. करडे, राठ, बोटभर लांब. तिनं लाल दांड्याचा झाडू भिंतीला टेकवला, पायरीवर बसली, ॲप्रनच्या खिशातून जॅमची रिकामी बरणी काढली आणि एकेक केस चिमटीनं उचलून आत टाकला. बरणीचा तळ केव्हाच झाकला गेला होता. ईस्टरनंतर ते कुत्रं घरात आलं, तेव्हापासून ती हे काम इमानेइतबारे करत होती.

"म्हणे केस गळत नाहीत," ती पायरीला म्हणाली.

ही सगळी गोष्ट सुरू झाली फोल्करपासून, म्हणजे खरं तर तो नसण्यापासून. फोल्कर तिचा थोरला दीर. नोव्हेंबरात द्राक्षमळ्याच्या चढावर त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथंच गेला. त्यानंतर त्याची बायको रोझविठा वरच्या मजल्यावर खिडकीशी जाऊन बसली ती बसलीच. चर्च आणि बेकरी सोडली तर तिचं बाहेर पडणं बंद झालं. मग फेब्रुवारीत एका रविवारी, खाली सगळ्यांबरोबर मसुराची आमटी वाढून घेता घेता ती म्हणाली, मला कुत्रा हवाय. सगळ्यांचे चमचे थांबले. तीन मजले, तीन चुली, पण जिना एक. आणि तळमजल्यावर सासरे ओटमार, ज्यांच्या छातीत प्लास्टरच्या कारखान्यातली सगळ्या जन्माची धूळ बसलेली. तेव्हा कुत्रा आणायचा तर केस न गळणारा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. या घरात एकमत झालं की पुढे काहीतरी बिनसतंच.

जात निवडण्यात ईस्टरआधीचा अख्खा उपासाचा महिना गेला. पूडल म्हटलं तर उल्रिकेचा नवरा योखेन म्हणाला, मी पूडल घेऊन मळ्यातून फिरणार नाही, मला तिथं लोक ओळखतात. कुणीतरी छोट्या, कापसाच्या गोळ्यासारख्या पांढऱ्या जातीचा फोटो आणला, तर सासऱ्यांनी चष्मा लावून विचारलं, याचं तोंड कुठल्या बाजूला आहे. शेवटी श्नाउझर ठरला. आपल्याच मुलखातला, तबेल्यात उंदीर मारून पोट भरणारा, दाढीमिशा असलेला, करडा. कुत्र्यांची पैदास करणाऱ्या बाईनं स्वच्छ सांगितलं होतं की मेलेला केस याच्या अंगातच अडकून राहतो, अधूनमधून हातानं उपटून काढायचा, जमिनीवर पडत नाही. "अजिबात केस न गळणारा कुत्रा देवानं अजून केलेला नाही, पण हा त्याच्या बराच जवळ जातो," असं ती म्हणाली होती. त्यातलं पहिलं अर्धं उल्रिकेनं लक्षात ठेवलं, दुसरं रोझविठानं.

दोन वर्षांची शांत मादी मिळाली. टिली तिचं नाव. सासऱ्यांनी मुदत घातली: परसातल्या लाल बेरी पिकेपर्यंत. पहिला बेरीचा केक ज्या रविवारी होईल, त्या रविवारी कॉफीच्या टेबलाशी ठरवू, कुत्रं राहणार की जाणार.

बेरी पिकल्या होत्या. केक उद्या होता.

उल्रिके उठली आणि तिनं वळणापासून खालपर्यंत जिना पुन्हा एकदा झाडला. जिन्याचा आठवडा तिचा होता. पाळीची पाटी तिच्या दारावर टांगलेली होती, आणि ज्याच्या दारावर पाटी त्यानं जिना, तळघर आणि घरापुढचा रस्ता लख्ख ठेवायचा, हे आमच्याकडे बाप्तिस्म्याइतकंच पवित्र. सासऱ्यांना वयामुळे जमत नसे, म्हणून त्यांचाही आठवडा तीच करायची. म्हणजे तीनातले दोन आठवडे तिचे आणि एक रोझविठाचा. आणि तिच्या मते पाणी मुरत होतं ते इथंच. रोझविठाच्या आठवड्यात एकही केस सापडत नसे.

"ती माझ्याआधी उठते आणि पुसून टाकते," ती योखेनला म्हणाली होती. "पुरावाच नाहीसा करते."

"पाटी तिच्या दारावर असते तेव्हा. पुसायचंच असतं तिनं."

"तू कुणाच्या बाजूनं बोलतोयस?"

"मी जिन्याबद्दल बोलतोय," योखेन म्हणाला होता आणि त्यानं पेपर वर धरला होता.

तळमजल्याच्या दाराआडून खोकला ऐकू आला. लांबलचक, खालून ओढून काढल्यासारखा. उल्रिके झाडू तसाच टाकून आत गेली. सासरे टेबलाशी बसले होते, डोळे पाण्यानं भरलेले. तिनं चहा ठेवला, खिडकी उघडली आणि बरणी त्यांच्यासमोर ठेवली.

"बघा, पापा. आणि वर म्हणायचं की खोकला हवेमुळे होतो."

ओटमारनी बरणी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली. "आजही सापडले?"

"रोज सापडतात. मी आता दोनदा झाडते. तीनदाही झाडीन. जितकं झाडावं तितके निघतात."

"हं," ते म्हणाले. "बस जरा. ब्रेझेल आहेत ताज्या. दातांच्या डॉक्टरकडचं काम काय म्हणतंय तुझं? ती नवी मुलगी टिकली का?"

उल्रिके बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरे कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा यापलीकडे तिच्याशी कधी काही बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. आता ते रोज विचारायचे. म्हातारपणी माणूस मऊ होतो, असं तिनं मनाशी म्हटलं आणि ब्रेझेलची, त्या खाऱ्या पावाची, गाठ मोडली. संध्याकाळी तिनं दारावरची पाटी काढून वर रोझविठाच्या दारावर टांगली, जरा जोरातच.

*

रोझविठानं तो आवाज ऐकला होता. रविवारी चर्चमधून आल्यावर तिनं पाटी सरळ केली, बादली भरली, आणि केक व्हायला वेळ होता म्हणून दारापुढच्या चार पायऱ्या ओल्या फडक्यानं पुसायला घेतल्या. रविवारी हे काम करत नाहीत, पण आज तिला हात रिकामे नको होते. ती झाडू कधीच वापरत नसे. फोल्कर म्हणायचा, झाडूनं धूळ उडते आणि ती सगळी पापांच्या छातीत जाते, फडकं वापर. गुडघे दुखत, तरी ती फडकंच वापरायची.

योखेन वर आला तेव्हा टिली उंबरठ्यात बसून ओल्या पायरीकडे बघत होती. त्यानं तिच्या दाढीला हात लावला आणि लगेच पॅन्टला पुसला, मग पॅन्टकडे निरखून पाहिलं.

"काही लागलं नाहीये," रोझविठा म्हणाली. "घाबरू नकोस."

"घाबरत नाही मी."

"मग इथं कुजबुजत का बोलतोयस?"

योखेन पायरीवर बसला. रोझविठानं फडकं पिळलं. "एक सांग. केस फक्त तिच्या आठवड्यात सापडतात. माझ्या आठवड्यात एकही नाही. कुत्रं तेच, जिना तोच. तुला यातून काही दिसत नाही?"

"रोझविठा, उल्रिके कशीही असली तरी केस आणून टाकणार नाही."

"टिलीला विंचरायचा ब्रश मी तळघराच्या दारामागे ठेवायचे. तो कुणालाही घेता येत होता. म्हणून मी वर आणून कपाटात घातला, किल्ली लावून. तरी केस सापडतायत. मग तिनं आधीच साठवून ठेवले असणार."

"तुला कळतंय का तू काय बोलतेयस?"

"कळतंय. याआधी मी कुणाबद्दल असं बोलले नव्हते. या जिन्यानं शिकवलं." तिचा आवाज कापला तसं तिनं फडकं बादलीत सोडलं. "ती मला घराबाहेर काढायला बघतेय, योखेन. कुत्रं हे निमित्त."

योखेन पॅन्टवरून पुन्हा हात फिरवत राहिला, आणि रोझविठाला तेही संशयास्पद वाटलं. तो दर गुरुवारी तिच्याबरोबर आणि टिलीबरोबर मळ्यात वरपर्यंत चालत यायचा, जिथं फोल्कर पडला त्या बाकापर्यंत, आणि घरी मात्र सांगायचा की गाण्याच्या मंडळात जातो. दीर चांगला होता. पण बायकोशी खोटं बोलणारा माणूस आपल्याशीही कशावरून खरं बोलत असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची तिची तिलाच लाज वाटली.

"मी उल्मला फोन केलाय," ती म्हणाली. "बहिणीकडे खालची खोली रिकामी आहे, बागेत उघडणारी. आज नाही म्हणालात तर टिलीला परत पाठवायचं नाही. मीच तिला घेऊन जाईन."

"आणि हे घर?"

"या घरात मी हिवाळाभर खिडकीत बसले होते. कुत्र्यामुळे उठले. पुन्हा त्या खुर्चीत बसणार नाही. तिथं मी मरेन, योखेन, आणि केक होईपर्यंत कुणाला कळणारही नाही."

*

कॉफी नेहमीप्रमाणे तळमजल्यावर, तीन वाजता. योखेन मुद्दाम टेबलाच्या टोकाला बसला, कुणाच्याच बाजूला नाही असा. पण आयझेलेंच्या टेबलाला तशी जागाच नव्हती. बायकोला वाटलं तो वहिनीसमोर बसला आणि वहिनीला वाटलं तो बायकोच्या हाताशी बसला.

मध्ये बेरीचा केक, त्यावर भाजलेल्या अंड्याच्या फेसाचा थर. केकशेजारी जॅमची बरणी. पांढऱ्या टेबलक्लॉथवर त्या दोन वस्तू शेजारी शेजारी बघून योखेनची भूकच गेली. टिली टेबलाखाली पापांच्या सपातांवर हनुवटी टेकून झोपली होती. पापा आज एकदाही खोकले नव्हते. ते नीट दाढी करून, रविवारचं जाकीट घालून बसले होते आणि सगळ्यांना केक वाढत होते. ते खुशीत आहेत हे योखेनच्या लक्षात आलं, पण तेव्हा त्यानं त्याचा अर्थ लावला नाही.

"आधी खा," पापा म्हणाले.

"आधी बोलू," उल्रिके म्हणाली. तिनं बरणी रोझविठाकडे सरकवली. "ईस्टरपासूनचे. सगळे जिन्यावरचे. मी काही मनाचं सांगत नाही, समोर आहे."

रोझविठानं बरणीला हात लावला नाही. "टिलीचा केस असा नसतो."

"करडा नसतो?"

"करडा असतो. इतका लांब नसतो. तिच्या पाठीवरचा केस बघ, मी स्वतः उपटते."

"पायावरचा असेल. दाढीचा असेल. मी काही तिची कटिंग करत नाही."

"दाढीचा मऊ असतो."

"म्हणजे मी काय," उल्रिकेनं काटा खाली ठेवला, "हे केस विकत आणले?"

"ते तुलाच माहीत. माझ्या आठवड्यात एक सापडत नाही, तुझ्या आठवड्यात बरणी भरते. मी फक्त विचारतेय."

"कारण तू पहाटे उठून पुसून टाकतेस."

"पाटी माझ्या दारावर असते."

"ऐकलंस?" उल्रिके योखेनकडे वळली. "शब्दन् शब्द तुझाच. हे वाक्य मी आमच्या स्वयंपाकघरात ऐकलंय. तुम्ही दोघं कुठं पाठ करता हे?"

योखेननं कॉफीत साखर घातली. आधी घातलेली होती.

"गुरुवारी करतात," उल्रिके म्हणाली. तिचा आवाज आता अगदी शांत झाला होता, आणि तो योखेनला जास्त वाईट वाटला. "गाण्याच्या मंडळाला उन्हाळ्याची सुट्टी लागली, योखेन. ऑर्गन वाजवणारा दात काढायला आला होता, त्यानं सांगितलं. आणि तुझ्या बुटाला मळ्यातली माती असते. मी काही बोलले नाही. म्हटलं, बघू किती दिवस गाणं चालतं."

रोझविठानं मान खाली घातली.

"फोल्कर पडला त्या बाकापर्यंत जातो आम्ही," योखेन म्हणाला. "बसतो. कुत्रं असलं की बोलावं लागत नाही, आणि मग बोलता येतं. या घरात त्याचं नाव घेतलं की तू उठून भांडी घासायला लागतेस, उल्ली. माझा एकच भाऊ होता."

उल्रिकेला राग आला होता आणि लाजही वाटली होती, आणि यातलं आधी काय बाहेर काढावं हे तिला कळेना. शेवटी तिनं जे हाताशी होतं तेच धरलं. "मला कुत्र्याचं काही नाही. पापांचा खोकला बघा. ईस्टरनंतर दुप्पट झालाय. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? ठरलं होतं केस न गळणारं. हे गळतंय. एवढंच."

"बरं," रोझविठा म्हणाली. ती उठली आणि तिनं खुर्ची हळूच आत सरकवली. "मग हात वर करायची गरज नाही. मी उल्मला बहिणीकडे जातेय. टिलीला घेऊन. महिनाअखेर वरचा मजला रिकामा करते. जिन्याचे आठवडे दोघांत वाटून घ्या."

योखेननं पापांकडे पाहिलं. मघाची खुशी कुठल्या कुठे गेली होती. हातातला केकचा चमचा टेबलक्लॉथवर लाल डाग पाडत होता आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

"कायमची?" त्यांनी विचारलं.

"कायमची."

"बस, रोझविठा."

"नको, पापा."

"बस म्हणतो ना." त्यांनी चमचा ठेवला. श्वास घेतला, तो मध्ये अडकला, पुन्हा घेतला. "योखेन. तळघराच्या दारामागचा झाडू आण."

"आत्ता? केक चाललाय."

"आण."

योखेननं लाल दांड्याचा झाडू आणला. जुना झिजला म्हणून पापांनीच तो मार्चच्या बाजारात एका आरडाओरडा करणाऱ्या फेरीवाल्याकडून घेतला होता आणि आठवडाभर त्याची किंमत सगळ्यांना सांगितली होती. घोड्याच्या करड्या केसांचा. पापांनी केकची थाळी बाजूला केली, झाडू आडवा धरला आणि टेबलाच्या कडेवर एकदाच आपटला.

पांढऱ्या कापडावर केस पडले. करडे, राठ, बोटभर लांब.

मग उल्रिकेनं बरणी उघडली, तिच्यातला एक केस काढून त्यांच्याशेजारी ठेवला आणि बोटानं सरळ केला. "मी दोनदा झाडत होते," ती म्हणाली. "केस दिसले की पुन्हा झाडत होते. आणि ती सगळी धूळ..." तिनं सासऱ्यांच्या दाराकडे, जिन्याकडे पाहिलं. "खोकला माझ्यामुळे होता."

योखेनला हसू आलं, आणि एकदा आल्यावर आवरेना. "आणि रोझविठा फडक्यानं पुसते. म्हणून तिच्या आठवड्यात..." तो डोळे पुसत म्हणाला. रोझविठाच्याही ओठाचा कोपरा हलला. उल्रिके तिच्याकडे न बघताच म्हणाली, "मी तुझ्याबद्दल बेकरीतही बोलले. उद्या जाऊन सांगते, चूक माझी होती. सगळ्यांसमोर सांगते." आमच्या गावात यापेक्षा मोठी क्षमा मागता येत नाही. रोझविठानं मान हलवली आणि ती खाली बसली.

तिथं संपायला हवं होतं. योखेनला वाटलं संपलंच. त्यानं केकचा तुकडा तोडलासुद्धा.

"पापा," रोझविठा म्हणाली. "तुम्ही झाडूच का मागवलात?"

ओटमारनी झाडू उचलून भिंतीला टेकवला.

"आम्ही इतके महिने एकमेकींच्या मागावर होतो. योखेनला सुचलं नाही. तुम्हाला एकदम झाडू कसा सुचला?"

"तळघरात," ओटमार म्हणाले. "बटाट्यांवर पडले होते. बाजारातून आणला त्याच आठवड्यात. म्हटलं, नवा आहे, सुरुवातीला गळणारच."

"मार्चमध्ये."

"हो."

"टिली यायच्या आधी."

"हो."

उल्रिकेनं हळूच बरणीचं झाकण लावलं. "मी रोज तुम्हाला आणून दाखवत होते," ती म्हणाली. "तुम्ही उजेडाकडे धरून बघत होतात."

"मी सांगणारच होतो," ओटमार म्हणाले. ते टेबलाकडे बघून बोलत होते. "पहिल्या दिवशीच सांगणार होतो. पण तू बरणी घेऊन आलीस आणि इथं बसलीस. चहा केलास. दुसऱ्या दिवशी रोझविठा आली, तुझं गाऱ्हाणं घेऊन. तीही बसली. मग योखेन, दोघींचं गाऱ्हाणं घेऊन. फोल्कर गेल्यापासून रविवार सोडला तर या टेबलाशी कुणी बसलं नव्हतं. सगळे दारावरून वर जायचे. मला पावलं ऐकू यायची, तेवढंच. म्हटलं, चालू दे अजून थोडे दिवस. बेरी पिकल्या की सांगू. कुणाचं काय बिघडतंय."

"तुम्हाला खोकला होत होता," योखेन म्हणाला.

"खोकला झाला की कुणीतरी यायचं."

योखेनला उठून पापांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण या घरात तशी सवय नव्हती, म्हणून तो बसून राहिला.

रोझविठा उठली. तिनं टिलीचा पट्टा खुर्चीच्या पाठीवरून काढला. "उल्रिके, तू मला तोंडावर खोटी म्हणालीस. ते मी विसरेन. तुला खरंच तसं वाटत होतं आणि मीही तुझ्याबद्दल कमी घाण बोलले नाही." मग ती सासऱ्यांकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते. "पण मी या टेबलाशी बसून रडले, पापा. म्हणाले, मला या घरातून काढतायत. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. आणि तुम्हाला माहीत होतं."

"रोझविठा."

"कुत्रं राहील. मीही राहीन. बहिणीला कळवते." तिनं पट्टा अडकवला. "पाटी माझ्या दारावर आहे, जिना फडक्यानं पुसला जाईल. पावही आणून देईन. तुमचं काही अडणार नाही."

दार लागलं. उल्रिकेही उठली आणि तिनं कप गोळा केले. झाडू तिनं घराबाहेर नेऊन ठेवला. मग तीही वर गेली, जाताना सासऱ्यांकडे न बघता. टेबलाशी योखेन उरला, पण तोही फार वेळ थांबला नाही.

*

सोमवारी सकाळी ओटमारनी नेहमीची ॲल्युमिनियमची वाटी पाण्यानं भरून दाराजवळ ठेवली. ईस्टरपासूनचा रिवाज होता: बेकरीतून येताना रोझविठा दारावर दोनदा टकटक करायची, टिली आत धावायची, पाणी पिऊन सगळी दाढी फरशीवर गाळायची, आणि रोझविठा टेबलाच्या कडेला टेकून गावातल्या बातम्या सांगायची. कोण आजारी, कुणाच्या मळ्यात फवारणी. मग उल्रिकेची निंदा. मग अजून एक कप कॉफी.

घराचं दार उघडल्याचा आवाज आला. चार पायांची नखं फरशीवर वाजली आणि त्यांच्या दारापुढे थांबली. लाकडावर पंजा घासला गेला. एकदा, पुन्हा एकदा.

ओटमार दाराच्या आत उभे होते. हात कडीवर होता. उघडलं असतं तर रोझविठा कदाचित आत आली असती, कारण ती मनानं चांगली होती. आणि नसती आली तर ते समोर उभं राहून बघावं लागलं असतं. त्यांनी हात कडीवर तसाच ठेवला. आयुष्यात त्यांना इतकी भीती कशाची वाटली नव्हती.

"चल, टिली," बाहेरून आवाज आला. रागाचा नव्हता. दमलेला होता.

कुत्रं हललं नाही. ते दारापुढे फतकल घालून बसलं असावं, कारण पट्ट्याची कडी ताणल्याचा आवाज झाला आणि मग सैल पडल्याचा. दाराच्या बाहेरच्या कडीला काहीतरी अडकवलं गेलं, कागदी पिशवी चुरचुरली. रोझविठा उभी होती. ओटमारना तिचा श्वास ऐकू येत होता, तिलाही त्यांचा ऐकू येत असणार. त्यांच्या छातीची घरघर तर सगळ्या घराला पाठ होती.

"चल," ती पुन्हा म्हणाली, आणि नखांचा आवाज जिन्यावरून वर गेला. पहिला मजला. दुसरा. वरचं दार उघडलं, लागलं.

थोड्या वेळानं त्यांनी दार उघडलं. पाव कडीला होता, अजून गरम. जिना ओला होता, स्वच्छ होता, धुळीचा कणही नव्हता. पायपुसण्यावर मात्र एक केस पडला होता. आखूड, वाकडा, टोकाला मऊ. बरणीतल्या एकाही केसासारखा नव्हता. दाढीचा असावा, दारावर पंजा घासताना गळलेला.

मधल्या मजल्यावर उल्रिकेच्या चपला वाजल्या. कामावर निघायची तिची वेळ झाली होती. ओटमार गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले, तो केस त्यांनी चिमटीत उचलला आणि ती वळणावर दिसायच्या आत जाकिटाच्या खिशात टाकला. मग त्यांनी दार लावलं, टेबलाशी जाऊन बसले आणि पाण्याची वाटी तशीच भरलेली राहू दिली.